तांब्यापासून एसटी स्टँडपर्यंत : रेखाटन शिकण्याची आणि रेखाटनवही टिकवण्याची एक पद्धत

महाराष्ट्रातील शाळांत शिकलेल्या पुष्कळ जणांची चित्रकलेशी शेवटची भेट एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षेच्या दिवशी झालेली असते. टेबलावर एक तांब्या, शेजारी एखादे फळ, मागे घड्या पाडून टाकलेले कापड आणि आपण गुडघ्यावर पॅड टेकवून बसलेले. निकाल लागला, प्रमाणपत्र फाइलमध्ये गेले, दहावीचा अभ्यास सुरू झाला आणि पेन्सिल सुटली ती सुटलीच. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा चित्र काढावेसे वाटते, तेव्हा हात आपोआप दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि वाकडे नारळाचे झाड काढू लागतो. हा लेख अशा माणसासाठी लिहिला आहे. ज्याने कोणतीच परीक्षा दिली नाही, त्यालाही तो तितकाच चालेल, कारण त्याच्या हाताला मोडायच्या सवयी कमी असतात.

हात त्या डोंगरांकडेच का वळतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. स्मरणचित्राच्या तयारीत आपल्यापैकी बहुतेकांनी वस्तूंच्या खुणा पाठ केल्या. झाड म्हणजे असे, डोळा म्हणजे तसा, माणूस चालतो तो या पद्धतीने. परीक्षेत त्या उपयोगी पडल्या, पण समोरची वस्तू पाहायची वेळ येते तेव्हा डोळ्यांच्या आणि वस्तूच्या मध्ये याच खुणा उभ्या राहतात. म्हणून रेखाटन शिकण्याचा निम्म्याहून अधिक भाग हा पाठ केलेले बाजूला ठेवून समोरचे मोजण्याचा आहे आणि रेखाटनवही ही त्या मोजणीची रोजकीर्द आहे. ती सुंदर असण्याची गरज नाही. ती रोज उघडली गेली पाहिजे.

साहित्य, थोडक्यात

नव्याने सुरुवात करणारा माणूस दुकानात गरजेपेक्षा जास्त वेळ आणि पैसा घालवतो, असा माझा अनुभव आहे. मीही घालवला. एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा चार पेन्सिली पुरतात. पेन्सिलीतली कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची असते. माती जास्त असेल तर ती कठीण आणि फिकी उमटते, ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि गडद उमटते. बीचा आकडा वाढतो तसा काळेपणा वाढत जातो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. टोक गिरमिटाने न काढता कटरने काढावे आणि कांडी साधारण एक सेंटिमीटर उघडी ठेवावी, म्हणजे पेन्सिल आडवी धरून रुंद छटाही देता येते.

वह्या दोन असाव्यात. खिशात किंवा पर्समध्ये मावणारी ए६ आकाराची एक आणि घरी ए५ किंवा ए४ आकाराची दुसरी. झेरॉक्सचा कागद बहुधा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) असतो आणि तो खोडरबराखाली लवकर फुलतो. १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद पेन्सिलीला आणि बॉलपेनला चांगला चालतो. फार महाग वही घेऊ नये, कारण महाग वहीत वाईट चित्र काढायची भीती वाटते आणि सुरुवातीला वाईट चित्रेच काढायची असतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. दमट कागदावर रेष ओढली की ती रुतते आणि खोडताना तंतू वर येतात.

पहिले दोन आठवडे : फक्त रेष

रोज पंधरा मिनिटे, त्यातली पहिली पाच नुसत्या रेषांना द्यावीत. कागदावर दोन ठिपके द्यावेत आणि एका दमात ते जोडावेत. नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता ज्या ठिपक्याकडे जायचे आहे त्यावर ठेवावी आणि हात मनगटातून न हलवता खांद्यातून हलवावा. मनगटातून निघालेली रेष कमानीसारखी वळते, कारण मनगट हे बिजागरीसारखे एका ठिकाणी अडकलेले असते. लिहिताना आपण पेन्सिल जशी धरतो तशी धरून लांब रेष जमत नाही; ती तळहाताखाली घेऊन, अंगठा आणि बोटे यांत सैल धरून पाहावी. पहिले चार-पाच दिवस हात परका वाटतो, पण तेवढ्यावरून जुन्या पकडीकडे परत जाऊ नये.

उरलेली दहा मिनिटे आपल्याच डाव्या हाताला द्यावीत. डावखुऱ्यांनी उजव्या हाताला. हात टेबलावर ठेवावा, नजर त्याच्या कडेवर ठेवावी आणि कागदाकडे अजिबात न पाहता ती कड सावकाश काढत जावी. डोळा जिथे आहे तिथेच पेन्सिल आहे, असे समजून चालावे. चित्र विचित्र येईल; अंगठा एकीकडे आणि करंगळी दुसरीकडे जाईल. त्याची पर्वा करू नये. या अभ्यासाचा उपयोग असा की कागदाकडे पाहण्याची संधीच नसल्यामुळे पाठ केलेला हात काढता येत नाही आणि पेरावरची सुरकुती, नखाची कड, मनगटाचा हाडाचा उंचवटा हे सगळे पहिल्यांदाच दिसू लागते.

तांब्या

आता परीक्षेतला तांब्या पुन्हा टेबलावर घ्यावा. पितळी असेल तर उत्तम, स्टीलचा असला तरी चालेल. मी पुढचे पूर्ण तीन आठवडे या एकाच वस्तूला देण्याचा आग्रह धरतो, कारण प्रमाण, समतोल, लंबवर्तुळ, उजेड आणि चकाकी या सगळ्या अडचणी तांब्यात एकत्र येतात आणि तो दिवसभर हलत नाही.

बसण्याची जागा आधी ठरवावी. तांब्याच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर बसावे, म्हणजे मान न हलवता तो पूर्ण दिसतो. वही टेबलावर सपाट ठेवू नये. सपाट कागदाकडे आपण तिरके पाहतो, तो आखूड भासतो आणि ती कसर भरून काढण्यासाठी हात चित्र नकळत लांबवतो. मग वही उचलून समोर धरली की तांब्या उंच, किडकिडीत निघालेला दिसतो. वही मांडीवर तिरकी टेकवावी किंवा खाली दोन जाड पुस्तके लावावीत.

मग मोजणी. हात कोपरात ताठ करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिल उभी धरून तिचे टोक तांब्याच्या काठाशी लावावे आणि अंगठा बुडाशी आणावा. ही झाली उंची. तीच पेन्सिल हात न वाकवता आडवी करून सर्वांत फुगीर भागाशी लावावी. रुंदी उंचीच्या किती पट आहे, हा एवढाच प्रश्न आहे. सेंटिमीटरचा इथे काही संबंध नाही. आपल्याला गुणोत्तर हवे आहे. मग गळ्याची रुंदी पोटाच्या रुंदीच्या किती, काठापासून गळ्यापर्यंतचे अंतर एकूण उंचीच्या किती, अशी चार-पाच मापे घ्यावीत. कोपर वाकले की माप बदलते, हे प्रत्येक नवशिक्या विसरतो.

कागदावर प्रथम एक उभी मध्यरेषा काढावी, तिच्यावर काठ, गळा, पोट आणि बूड यांच्या उंचीच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर दोन्हीकडे सारखी रुंदी मोजून ठिपके द्यावेत. हे ठिपके जोडणारी बाह्यरेषा सर्वांत शेवटी येते. बहुतेक जण डावी कड आधी मन लावून काढतात आणि उजवी तिच्याशी जुळवण्याच्या नादात तांब्या एका कुशीवर कलतो. दोन्ही कडा आळीपाळीने, थोड्या थोड्या पुढे न्याव्यात. शंका आली तर वही उलटी करून पाहावी किंवा आरशात धरावी. सवयीचा डोळा जी चूक झाकतो ती लगेच उघडी पडते.

खरी परीक्षा लंबवर्तुळांची आहे. तांब्याचे तोंड गोल आहे, हे आपल्याला ठाऊक असते, आणि तेच ठाऊक असणे आडवे येते. तोंड नेमके डोळ्याच्या पातळीवर आणले तर ते सरळ रेषेसारखे दिसते. तांब्या जसजसा खाली जाईल तसतसे ते उघडत, गोल होत जाते. याचाच अर्थ असा की आपण वरून पाहत असू तर बुडाचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा प्रमाणाने अधिक उघडे असणार. पण टेबल सपाट आहे हे डोक्यात असल्यामुळे हात बूड सरळ रेषेने कापून टाकतो आणि तांब्या टेबलावर बसलेला न दिसता त्यात चिणलेला दिसतो. शाळेत माझ्या पंचवीसएक तांब्यांचे बूड असे चिणलेले होते आणि ते कोणी दाखवून दिले नाही, याची मला अजूनही चुटपुट आहे.

उपाय साधा आहे. तांब्या काचेचा आहे असे समजून तोंड, गळा, पोट आणि बूड या चारही ठिकाणचे पूर्ण लंबवर्तुळ काढावे, मागचा न दिसणारा अर्धा भागसुद्धा. लंबवर्तुळाची दोन्ही टोके केळीच्या पानासारखी टोकदार होता कामा नयेत. तिथे रेष लहानशा पण गोल वळणाने फिरते. हात हवेत दोन-तीनदा फिरवून, मग न थांबता कागदावर उतरवावा आणि त्याच आकारावरून पुन्हा एकदा हलकेच फिरवावा. एका पानावर अशी तीस-चाळीस लंबवर्तुळे, कमी-अधिक उघडी, आठवडाभर रोज काढली तर फरक दिसतो.

तिसऱ्या आठवड्यात तांब्या काढूच नये. तांब्याभोवतीची जागा काढावी. पाठीमागे खुर्ची ठेवली तर तांब्याची कड आणि खुर्चीचे दांडे यांच्यामध्ये काही वेडेवाकडे तुकडे तयार होतात. ते तुकडे स्वतंत्र आकार समजून काढत जावेत. त्या तुकड्यांना नाव नसते, म्हणून त्यांची पाठ केलेली खूणही नसते, आणि नेमक्या याच कारणाने ते पुष्कळदा अचूक येतात. सगळे तुकडे झाल्यावर मध्ये तांब्या आपोआप शिल्लक राहतो.

छटा

उजेड एकाच बाजूने यावा. वरची ट्यूबलाइट, बाजूचा दिवा आणि खिडकी तिन्ही चालू असतील तर तीन सावल्या एकमेकींत मिसळतात आणि वस्तूचा गोलावा हरवतो. खिडकी हा सर्वांत चांगला दिवा आहे. उत्तरेकडची असेल तर वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही आणि उजेड बराच वेळ स्थिर राहतो. इतर खिडक्यांपाशी अर्ध्या तासात सावली सरकते, म्हणून छटा भरण्याआधी सावलीच्या कडेची हलकी रेष आखून घ्यावी आणि नंतर ऊन कुठेही गेले तरी त्या रेषेशी प्रामाणिक राहावे.

वहीच्या कडेला पाच चौकोनांची पट्टी करावी. पहिला कोरा कागद, पाचवा ६बीने जमेल तितका काळा आणि मधले तीन समान पायऱ्यांनी चढणारे. मग डोळे बारीक करून तांब्याकडे पाहावे. बारीक डोळ्यांना तपशील दिसत नाही, फक्त उजळ आणि गडद असे मोठे भाग दिसतात, आणि तेवढेच हवे असते. प्रत्येक भागाला पट्टीवरचा एक क्रमांक द्यावा. तांब्याआधी दोन दिवस एखादे अंडे किंवा मोसंबी घेतले तर क्रम स्पष्ट कळतो: उजेड थेट पडतो तो भाग, मध्यछटा, सर्वांत गडद पट्टा, त्यापलीकडे टेबलावरून परत येणाऱ्या उजेडाने किंचित उजळलेली कड आणि टेबलावरची पडछाया. ही परतीच्या उजेडाची कड नवशिके हमखास जास्त उजळ करतात. ती सावलीच्या प्रदेशात आहे, म्हणून ती उजेडातल्या मध्यछटेपेक्षा गडदच राहिली पाहिजे.

पितळेत हा हळुवार क्रम मोडतो. चकचकीत धातू आरशासारखा वागतो, त्यामुळे पांढराशुभ्र पट्टा आणि जवळजवळ काळा पट्टा एकमेकांना खेटून, मध्ये कोणतीही पायरी न ठेवता येतात. खिडकी पोटावर वाकडी होऊन दिसते, आपला शर्टही दिसतो. ते सगळे आकार जसे आहेत तसे ठेवावेत. छटा बोटाने पुसून गुळगुळीत करण्याचा मोह होतो, तो टाळावा. बोटाच्या तेलाने कागदावर डाग धरतात आणि धातूची कड मेणचट होते. शेजारी शेजारी ओढलेल्या रेषांनी, त्यांवर तिरक्या रेषांचा दुसरा थर देऊन गडदपणा वाढवावा. रेषांची दिशा पोटाच्या गोलाईबरोबर वळवली तर आकार अधिक भरीव वाटतो.

चाळीची गॅलरी

यथार्थदर्शनाला, म्हणजे जवळचे आणि लांबचे कागदावर जसे दिसते तसे दाखवण्याच्या पद्धतीला, लोक विनाकारण घाबरतात, बहुधा कर्तव्यभूमितीच्या पेपरच्या आठवणीने. एखाद्या चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या लांब व्हरांड्यात किंवा रेल्वेच्या फलाटावर टोकाशी उभे राहावे. कठड्याची रेष, दारांच्या वरच्या चौकटी, छताची कड या एकमेकींना समांतर रेषा लांब जाताना एका बिंदूकडे धावतात आणि तो बिंदू आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. डोळ्याच्या वरच्या रेषा खाली उतरतात, खालच्या वर चढतात. तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले की तो बिंदूही खाली येतो आणि कठडा अचानक भिंतीसारखा उंच होतो. हा फरक पाहण्यासाठी एकाच गॅलरीची दोन रेखाटने करावीत, एक उभ्याने आणि एक बसून. जुन्या वाड्याच्या चौकात कोपरा समोर धरून बसले तर रेषा दोन्हीकडच्या दोन बिंदूंकडे जातात. नियम तोच राहतो.

कठड्याच्या खांबांतले अंतर लांब जाताना कमी होते, पण किती, हे अंदाजाने ठरवले की चुकते. पहिले दोन खांब पाहून काढावेत. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या नेमक्या मध्यातून एक तिरकी रेष ओढावी. ती पायथ्याच्या रेषेला जिथे मिळेल तिथे तिसरा खांब उभा राहतो. पुढे दुसऱ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून, असे करत जावे. याला पट्टी लागत नाही आणि लागली तरी वापरू नये.

हलणारी माणसे

दोन महिन्यांनी खिशातली वही घेऊन एसटी स्टँडवर जावे. तिथे माणसे वाट पाहत असतात, म्हणजे दोन-तीन मिनिटे तरी जवळपास तशीच राहतात. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, ही मापे मदतीला ठेवावीत. पण आधी पाहायचे ते वजन कुठे आहे. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याची खळगी त्या पायाच्या घोट्याच्या जवळजवळ सरळ वर येते, त्या बाजूचे कंबरेचे हाड वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली झुकतो. डोक्यापासून त्या टाचेपर्यंत एकच वाहती रेष पहिल्या पाच सेकंदांत टाकावी आणि बाकी सगळे तिच्यावर लटकवावे. साडीच्या किंवा धोतराच्या सगळ्या चुण्या काढू नयेत. कापड जिथे ताणले जाते, म्हणजे खांदा, कंबर, गुडघा, तिथून निघणाऱ्या दोन-तीन घड्या पुरतात.

इथे पेन्सिल न घेता साधे बॉलपेन घ्यावे, असे मी सुचवेन. खोडता येत नाही म्हणून थांबावे लागत नाही. माणूस हलला तर ते चित्र तिथेच सोडून शेजारी नवे सुरू करावे. टपरीवरचा चहावाला यासाठी फार उपयोगी, कारण तो उंचावरून चहा ओततो, गाळणी झटकतो, पेले पुढे करतो आणि पुन्हा ओततो. पानावर त्याच्या तीन-चार हालचाली वेगवेगळ्या जागी सुरू करून ठेवाव्यात आणि ती हालचाल परत आली की त्या त्या चित्रात एक-दोन रेषा भराव्यात. कोणी पाहिले आणि विचारले तर वही दाखवावी. कोणाला आवडले नाही तर पान उलटावे. मुलांचे किंवा झोपलेल्या माणसाचे रेखाटन करताना थोडा संकोच बाळगलेला बरा.

घरी आल्यावर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी काढलेली मुंबईच्या लोकांची चित्रे पाहावीत. पगडीचा बाक, डोक्यावरच्या ओझ्याने सरळ झालेली मान, कासोट्याची ओढ यांवरून माणसाचा धंदा कसा कळतो, ते पाहून एखादे चित्र वहीत उतरवून घ्यावे. नकल करणे कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. मात्र मोबाइलवरच्या फोटोंवरून सतत काढू नये. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर होतात, जवळचे हात-नाक अवाजवी मोठे होते आणि मोजणीचे काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेले असते.

वही चालू ठेवणे

रोजची वेळ आधीच्या एखाद्या सवयीला बांधावी. सकाळचा चहा झाला की कप धुण्याआधी पंधरा मिनिटे, अशी. कपाटात ठेवलेली वही उघडली जात नाही. ती आणि टोक काढलेली पेन्सिल चहाच्या जागीच असावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तीस मिनिटे करून भरपाई करू नये, कारण असे कर्ज दोन-तीन दिवसांत इतके वाढते की माणूस वहीच टाळू लागतो. काही सुचत नसेल तर चप्पल, किल्ल्या, अर्धी चिरलेली कैरी, गॅसवरचा कुकर, जे समोर असेल ते. पाहुणे असतील, प्रवास असेल, तर एकच लंबवर्तुळ काढून तारीख घालावी. तेवढ्यानेही दिवस भरला असे मानावे.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ठिकाण आणि लागलेली मिनिटे लिहावीत. चित्राखाली एक ओळ लिहावी, पण 'छान' किंवा 'वाईट' अशी नव्हे. 'गळा रुंद झाला', 'बुडाचे लंबवर्तुळ सपाट', 'डावा खांदा मोजलाच नाही' अशी, म्हणजे उद्या काय पाहायचे ते ठरते. पान फाडू नये. समोरासमोरच्या पानांची पेन्सिल एकमेकांवर उमटते, त्यासाठी मध्ये बटरपेपरचा तुकडा ठेवावा. पहिले तीन महिने वहीचे फोटो कोणाला पाठवू नयेत, असे माझे मत आहे. पाठवायची सवय लागली की आपण शिकण्याऐवजी दाखवण्याजोगे विषय निवडू लागतो आणि लंबवर्तुळांचे पान कोणीच काढत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मात्र तोच तांब्या, त्याच खिडकीपाशी, वीस मिनिटांत काढावा आणि काढून झाल्यावरच मागच्या महिन्याचे पान उघडावे. मोजण्यासारखे तिथे पुष्कळ असते: बूड किती उघडले, मध्यरेषा कललेली आहे का, गडद पट्ट्याला पाचवा क्रमांक द्यायचे धाडस झाले का. वही संपेल त्या दिवशी कण्यावर पहिल्या आणि शेवटच्या पानाचा महिना लिहून ती शेल्फवर उभी ठेवावी आणि नवीन वहीचे पहिले पान त्याच बैठकीत, शक्यतो एखाद्या फसलेल्या रेषेने, सुरू करून टाकावे.